अडीच टनांचा अवमान

आण्णासाहेब खराड्यांनी दाराला हात घातला तेव्हाच आमच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी कानांवर हात ठेवले. दार आपटलं. आवाज आला तो उशीवर उशी पडावी एवढाच.

आण्णासाहेबांनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"लागलं का न्हाई?"

"लागलं, साहेब."

"मग वाजलं का न्हाई?"

"ही या गाडीची खासियत आहे. दार वाजत नाही."

"अवो, दार वाजल्याबिगर गावाला कळायचं कसं, मी आलोय म्हणून?"

या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या माहितीपुस्तकात नव्हतं. पुस्तक परदेशात छापलेलं, आणि तिकडं माणूस आलेला गावाला कळावा अशी पद्धत नसावी.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात, हमरस्त्यावरच्या एका परदेशी गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीखात्यात होतो. कंपनीचं नाव सांगत नाही; तिचा यात काही दोष नव्हता. गाडी मात्र सांगितली पाहिजे. सव्वापाच मीटर लांब, अडीच टन वजनाची, तीन रांगांत सात माणसं बसवणारी, आणि पुढं तोंडाला एवढी मोठी जाळी, की आमच्या वॉचमनला पहिले चार दिवस ती साखर कारखान्याचं गेट वाटायची. मधल्या रांगेतल्या सीटा पाठ चेपून द्यायच्या. हाताशी छोटा फ्रिज होता. अशी ही गाडी शोरूमच्या मधोमध चौदा महिने उभी होती. लोक येत, तिच्यापुढं फोटो काढत आणि लहान गाडी घेऊन जात.

आमचे मॅनेजर पोतनीस साहेब एके सकाळी मला म्हणाले होते, "मिरजकर, दसऱ्याला ही गाडी इथून गेली पाहिजे."

"आणि नाही गेली तर?"

"तर तुम्ही जा. जागा तरी मोकळी होईल."

मी छप्पन्न वर्षांचा होतो. या वयात माणसाला कोणी शोरूमच्या मधोमध उभं करत नाही.

म्हणून आण्णासाहेब आले तेव्हा मी देवाला हात जोडले. कासारदऱ्याचे आण्णासाहेब दूधसंघाचे चेअरमन, तीन शाळांचे अध्यक्ष. त्यांचा शब्द खाली पडू न देणारी माणसं तालुक्यात हजारोंनी. न ऐकणारा एखादा शोधायचा तर स्मशानात जावं लागलं असतं. आणि तिथल्या शेडवरही त्यांचंच नाव होतं. सोबत त्यांचे मेहुणे होते, दिनकरराव. हे दूधसंघात हजेरीपट सांभाळत. शांत माणूस. हातात काठी, डावा पाय ओढत चालायचे.

मी बॉनेट उघडलं. आण्णासाहेब आत डोकावले.

"इंजिन कुठाय?"

"या काळ्या झाकणाच्या खाली, साहेब."

"म्हंजे घुंगट हाय व्हय. किती घोड्यांचं?"

"साडेचारशे. आठ सिलिंडर."

आण्णासाहेब मेहुण्यांकडं वळले. "दिनकर, आपल्या गावातल्या समद्या विहिरींवरच्या मोटारी मिळून किती घोडे भरतील?"

दिनकररावांनी मनातल्या मनात विहिरी मोजल्या. "तीनशे. लई तर सव्वातीनशे."

"म्हंजे ही लावली तर गाव उपसून शेजारच्या गावाचं पाणीबी वढंल."

मी ती संधी सोडली नाही. "ओढेल, साहेब! शून्यापासून शंभरचा वेग पाच सेकंदांत."

हे वाक्य मी चौदा महिने आरशासमोर घोटलं होतं. ते ऐकून गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात असा अनुभव. इथं उलटं झालं. दिनकरराव काठीच्या मुठीकडं बघायला लागले, आणि आण्णासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "ते घरच्यांच्या म्होरं बोलू नका."

मला वाटलं, बाईंना काटकसर आवडत असेल. मी बॉनेट लावलं आणि सुरक्षिततेकडं वळलो. नऊ एअरबॅगा. त्या कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिसत नाहीत, वेळ आली की फुगतात. आण्णासाहेब म्हणाले, आमच्या संघात असे बरेच संचालक आहेत. मग मी कॅमेरे सांगितले, रडार सांगितलं, बंपरमधले डोळे सांगितले, समोर काही आलं तर गाडी आपणहून ब्रेक कशी लावते तेही सांगितलं. पण हा माझा सतरावा मुद्दा होता आणि तोवर चहा आला होता. सतराव्या मुद्द्याला चहा आला की मुद्दा मरतो.

बशीतला चहा संपवून आण्णासाहेब उठले.

"गाडी पसंत हाय. दसऱ्याला न्यायची. फकस्त एक अट हाय मिरजकर. मंडळी गाडीत बसल्या पायजेत. बसल्या न्हाईत, तर गाडी हितंच ऱ्हाईल."

"का नाही बसणार, साहेब? वैनींना रंग आवडला नाही तर दुसरा—"

"रंगाचं न्हाई. ती बसतच न्हाई."

"गुडघे?" मी हळूच विचारलं.

आण्णासाहेब टोपी सारखी करायला लागले. आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की पन्नाशीपुढच्या बाई उंच गाडीत बसत नाहीत तेव्हा कारण गुडघ्यात असतं, आणि घरचे ते बोलून दाखवत नाहीत. मी लगेच गाडी खाली बसवून दाखवली. हवेवरच्या सस्पेन्शनचं बटण दाबलं की ही गाडी सुस्कारा टाकून चार बोटं खाली यायची. आण्णासाहेबांनी ते बघितलं आणि ते सरळ पोतनीस साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

दिनकरराव मागं थांबले होते.

"गुडघेच ना?" मी विचारलं.

"ताई सा वर्सं झाली एस.टी.नं जाती."

"आणि आण्णासाहेब?"

"मागनं."

"मागनं म्हणजे?"

"एस.टी.च्या मागनं. गाडी घेऊन." दिनकररावांचा चेहरा अगदी सरळ. "लग्नाकार्याला बायकूच्या आधी पोचलं की लोक इचारत्यात, वैनी कुठायत. मग काय सांगणार? म्हणून एस.टी.च्या मागं ऱ्हायाचं. ती थांबली की ह्येनी थांबायचं. कासारदरा ते कोल्हापूर बावीस थांबे हायेत."

"पण बसत का नाहीत?"

"च्या गार झाला बगा तुमचा," असं म्हणून दिनकरराव काठी टेकत निघून गेले. चहा मी घेतलाच नव्हता.

दसऱ्याला मुहूर्त होता सकाळी अकरा बावीसचा. आण्णासाहेबांनी टिकेकर गुरुजींना बरोबर आणलं होतं. गाडी शोरूमपुढच्या फरसबंद अंगणात, चार चाकांखाली चार लिंबं. हार बांधायचं काम मी कधीच दुसऱ्याला देत नसे. लहान गाड्यांच्या लहान हारांवर आयुष्य गेलं. आज पहिल्यांदा हाताजोगतं तोंड मिळालं होतं. मी फुलवाल्याकडून झेंडूचा अकरा फुटी हार करून घेतला होता, मधे आंब्याच्या पानांचे झुबके, तळाला हाताएवढा गोंडा. दोन्ही टोकं बॉनेटच्या फटीत अडकवून बॉनेट लावलं. गोंडा थेट बंपरपुढं लोंबत होता. पोतनीस साहेबांनीसुद्धा "छान" म्हटलं, आणि ते माणसाला छान म्हणत नसत.

अकराला पाच कमी असताना फाटकातून एक ठेंगणीशी बाई आत आली. काखेत पिशवी, हातात मिटलेली छत्री. एस.टी. स्टँडवरून चालत आलेली. गुरुजींवर ओरडत असलेल्या आण्णासाहेबांचा आवाज अर्ध्या वाक्यात खाली आला, तेव्हा मला कळलं, या शालनवैनी.

"आलीस?"

"आले. आवरा तुमचं."

मी पुढं झालो, नमस्कार केला आणि बटण दाबलं. गाडीनं सुस्कारा टाकला आणि ती खाली बसली.

"बघा वैनी, तुमच्यासाठी वाकली."

वैनींनी गाडीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उठवा तिला. माझं गुडघं चांगलं हायेत. अजून शिडीनं माळ्यावर चढती मी."

मी गाडी उठवली. माझ्या हातातलं एकमेव हत्यार गेलं होतं.

"मग वैनी... बसता ना?"

"मी हितं उभी ऱ्हाती. त्यांस्नी चालवू द्या. बघती."

आण्णासाहेब स्टेअरिंगवर बसले. शेजारच्या सीटवर मांडीवर पूजेचं ताट घेऊन गुरुजी बसले. पट्टा लावला नाही म्हणून गाडी टुणटुण करायला लागली, तेव्हा गुरुजींनी पट्टा ओढून पाठीमागून नेला आणि खटक्यात बसवला. "सोवळ्यावर पट्टा नको," ते म्हणाले. गाडी फसली आणि गप्प झाली. मी मागच्या रांगेत. दिनकरराव बहिणीशेजारी उभे. आण्णासाहेबांनी पुढं जाऊन फाटकापाशी वळायचं आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

"अकरा बावीस," गुरुजी म्हणाले. "हं."

चार लिंबं फुटली. गाडी हळूच पुढं सरकली. हार डुलला.

आणि गाडी गपकन थांबली.

ताट पुढं गेलं. त्याच्यामागं गुरुजी गेले. नारळ काचेपाशी जाऊन बसला, हळदीकुंकू सगळीकडं झालं, आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली.

"ब्रेक कुणी मारला?" आण्णासाहेब.

"गाडीनं, साहेब."

"मी न्हाई सांगितलं."

"तिनं स्वतःहून मारला."

"स्वतःहून?" आण्णासाहेबांनी हा शब्द असा उच्चारला की जणू तो परवाच शोधलेला आहे. त्यांनी पाय दाबला. गाडी हातभर गेली, गोंडा झुलला, गाडी थांबली. गुरुजींनी या खेपेला दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता, पण नारळ त्यांच्या मांडीत परत आला.

"चल!" आण्णासाहेब ओरडले. बैलाला ओरडतात तसं. पाय दाबला. गाडी हलली. थांबली.

मग त्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागाची सवय त्यांना होती. ही सवय नव्हती.

"मिरजकर," ते म्हणाले, "ही माझं ऐकंना."

मी खाली उतरलो. लोंबता गोंडा पाहिला आणि काय झालं ते कळलं. बंपरमधले डोळे बिचारे आपलं काम करत होते. त्यांच्यापुढं अकरा फुटी झेंडू मी नाचवत होतो. पायरीवरून पोतनीस साहेब बघत होते. ते नजरेनंच माझं टेबल आवरत होते.

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला.

आधी पदराआडून, मग पदर सोडून. शालनवैनी हसत होत्या, इतक्या की छत्री खाली पडली. दिनकरराव काठीवर दोन्ही हातांचा भार टाकून थरथरत होते.

"दिनू, बघितलास?" वैनींना बोलता येईना. "तीनदा! तीनदा न्हाई म्हणाली ह्यांना!"

डोळे पुसत त्या आण्णासाहेबांच्या खिडकीपाशी आल्या. काच खाली होती. जवळ येता येता हसणं कुठंतरी गेलं.

"सा वर्सांमागं म्हणत हुते का न्हाई? दिनू वरडत हुता, आण्णा, म्होरं उसाची ट्रॉली हाय. मी वरडत हुते. डायवरला खाली उतरवून तुमी ष्टेरिंग धरलेलं. ऐकलं कुणाचं?"

आण्णासाहेब स्टेअरिंगकडं बघत राहिले.

"त्या गाडीनं तुमचं समदं ऐकलं. तुमी पाय दाबला, ती पळाली. दिनूच्या पायाचं काय झालं ते बघताय रोज." त्या माझ्याकडं वळल्या. "तवाच ठरवलं. जी गाडी ह्यांचं ऐकती, तिच्यात बसायचं न्हाई. मग एस.टी. बरी. एस.टी. कुणाचंच ऐकत न्हाई."

तीस वर्षं मी 'गाडी तुमचा शब्द झेलते' असं सांगून गाड्या विकल्या होत्या. त्या सगळ्या घरांमधल्या बायका मला एकदम आठवल्या. त्यांना मी कधी काही विचारलंच नव्हतं.

"तुमचं नाव काय?"

"मिरजकर."

"मिरजकर, खरं सांगा. हे तिचं न ऐकणं बंद करता येतं का?"

वैनींच्या पाठीमागं पायरीवर पोतनीस साहेब नकारार्थी मान हलवत होते. मान तुटेल इतकी. आण्णासाहेबांना उत्तर माहीत नव्हतं. पुस्तक सहाशे पानांचं होतं आणि आण्णासाहेब ते कधी उघडणार नव्हते. 'नाही' एवढं म्हटलं की गाडी गेली, मी राहिलो.

वैनी माझ्याकडं बघत नव्हत्या. दिनकररावांच्या पायाकडं बघत होत्या.

"येतं," मी म्हणालो. "बटण आहे."

पोतनीस साहेब पायरीवर बसले. मग मी म्हटलं, नोकरी गेलीच आहे तर सगळंच सांगून टाकू. "आणि वैनी, आत्ता ती आण्णासाहेबांना नाही म्हणाली नाही. हा हार मी बांधलाय. तो पुढं लोंबला. तिला वाटलं, माणूस आडवं आलं. हार काढला की चालेल."

"माणूस आडवं आलं असं वाटलं, म्हणून थांबली?"

"हो."

"आनि ह्यांनी पाय दाबला तरी थांबली?"

"हो."

"मग आनि काय पायजे?" वैनी म्हणाल्या. "बटण कुठाय?"

मी दाखवलं. पुढच्या दोन सीटांच्या मधे, लाकडी पट्टीवर, गिअरच्या दांड्याच्या जरा मागं. वैनींनी बाहेरूनच वाकून अंतर पाहिलं, कापडाचा पन्हा बघावा तसं.

"गुरुजी, उतरा."

"अहो पण मुहूर्त—"

"उतरा म्हणती न्हवं."

कपाळभर कुंकू घेऊन गुरुजी उतरले. वैनींनी पिशवी आत टाकली, दारावरच्या मुठीला धरलं आणि कुणाच्या मदतीशिवाय वर चढल्या. गुरुजींनी पाठीमागं लावलेला पट्टा सोडवला, स्वतःवरून ओढून नीट लावला. मग उजवा हात, बांगड्यांसकट, त्या बटणावर झाकणासारखा ठेवला. सगळा तळवा.

"आता चालवा."

"अगं पर हात... मला गिअर..."

"गिअर तुमच्याकडं. ह्ये माझ्याकडं."

मी कात्रीनं हार कापला. गोंडा खाली पडला. गुरुजींनी घड्याळाकडं पाहिलं आणि मुहूर्त टळल्याचं जाहीर केलं.

"टळू दे," आण्णासाहेब म्हणाले.

दिनकरराव मागं बसले, काठी आडवी घेऊन. साडेचारशे घोडे फाटकातून बाहेर पडले ते वरातीच्या चालीनं. गुरुजी अंगणातच राहिले. त्यांना मी माझ्या स्कूटरवर सोडलं. परत आलो तेव्हा पोतनीस साहेब माझी वाट बघत होते.

"मिरजकर, गिऱ्हाइकाला पुन्हा कधी बटण दाखवायचं नाही."

म्हणजे 'पुन्हा' होतं तर. मी तिथूनच वयानं निवृत्त झालो.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा वर्कशॉपमधून मला बोलावणं आलं. मेकॅनिकनं लाकडी पट्टी दाखवली. बटणाभोवती बारीक बारीक चरे, अर्धगोल, एकावर एक. मधेच कुठं काचेच्या बांगडीची हिरवी टिकली चिकटलेली. बटण मात्र नवंकोरं. कुणी दाबलेलंच नव्हतं.

आण्णासाहेब बाहेर बाकावर बसले होते. मी सांगितलं, "साहेब, पट्टी खराब झालीय. पॉलिश मारून देतो, नाहीतर नवीन बसवू."

"हात लावायचा न्हाई."

"हरकत नाही. पण वैनी अजून रोज... म्हणजे सगळ्या वाटेवर हात ठेवून असतात?"

"काल न्हवता." आण्णासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काल सांगलीहून येताना तिचा डोळा लागला. हात घसरला खाली."

"मग?"

"मग काय, गाडी घेतली कडंला. उसाच्या फडाशेजारी. बसलो."

"किती वेळ?"

"काय म्हाईत? ती काय उठंना," आण्णासाहेब म्हणाले. "मग मीबी झोपलो."